राजिमला जाऊन परत, तेही हातांच्या जोरावर

रायपूरहून सकाळी निघा. अभनपूर मागे टाका. सुमारे ४५ किलोमीटरवर महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा संगम लागतो. राजीवलोचनाचं दर्शन घ्या, नदीपात्रातल्या कुलेश्वर महादेवाला हात जोडा आणि आल्या वाटेनं परत या. झाले ९० किलोमीटर! रायपूरची मराठी कुटुंबं ही सहल गाडीनं करतात आणि संध्याकाळी घरी येऊन ‘आज फार दमलो’ म्हणतात.

आता असं समजा, की हेच अंतर कुणीतरी पायांना दोन लांब पट्ट्या बांधून, हातातल्या काठ्यांनी स्वतःला पुढे ढकलत कापतंय. स्वीडनमधल्या ‘वासालोप्पेत’ या बर्फावरच्या शर्यतीचं अंतर बरोबर एवढंच आहे. १९२२ साली सुरू झालेली ही शर्यत मार्च महिन्यात होते. २०२१ मध्ये नॉर्वेच्या तोर्द आस्ले येर्डालेननं ती ३ तास २८ मिनिटांत जिंकली. म्हणजे ताशी जवळपास २६ किलोमीटर. शहरातल्या गर्दीत आपली स्कूटरही तेवढी पळत नाही. आणि हे आघाडीचे स्कीपटू पायांनी रेटा देतच नाहीत म्हटलं तरी चालेल. दोन्ही काठ्या एकदम टेकवायच्या, पोट आणि पाठ आवळून अंग पुढे फेकायचं, पुन्हा काठ्या उचलायच्या. हजारो वेळा.

तुम्ही म्हणाल, बर्फाच्या देशातली माणसं, त्यांना काय अवघड? गंमत अशी आहे, की या खेळाडूंची निम्म्याहून जास्त तयारी बर्फाशिवाय होते. मे ते ऑक्टोबर ते डांबरी रस्त्यावर असतात. पायांत ‘रोलर-स्की’ असतात. हातभरापेक्षा थोडी लांब पट्टी, पुढे एक चाक, मागे एक चाक. काठ्यांना टोकदार कठीण टोकं, म्हणजे डांबरावर पकड मिळते. सोबत डोंगरात काठ्या घेऊन धावणं, सायकल आणि वजनं उचलणं.

नवा रायपूरचे रस्ते पाहिले, की मला हे हमखास आठवतं. रुंद, सपाट, गुळगुळीत आणि पहाटे जवळजवळ मोकळे. नॉर्वेचा एखादा प्रशिक्षक तिथे आला तर खूश होईल, फक्त एप्रिलमध्ये त्याला आणू नका.

पण आज खरं सांगायचंय ते वेगळंच. हे खेळाडू बहुतेक वेळ अगदी सावकाश सराव करतात.

मारित ब्योर्गेन हे नाव लक्षात ठेवा. नॉर्वेच्या या बाईंच्या नावावर १५ ऑलिम्पिक पदकं आहेत. त्यांच्या १७ वर्षांच्या सराव-नोंदी संशोधकांनी तपासून २०१७ मध्ये प्रसिद्ध केल्या. विशीत त्या वर्षाला ५२२ तास सराव करत होत्या, पस्तिशीत ९४० तास. म्हणजे रोज अडीच तासांहून जास्त. आणि दम वाढवण्याच्या या सरावातला सुमारे ९० टक्के भाग हलका होता. जोराचा सराव उरलेल्या थोड्या वेळात, पण तो ठरवून आणि नीट मोजून. असे खेळाडू सरावाच्या मध्येच बोटातून किंवा कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेऊन त्यातलं लॅक्टेट पाहतात. आकडा वर गेला, तर वेग कमी करतात. जोर कमी पडतोय म्हणून नव्हे, जास्त होतोय म्हणून!

रायपूरच्या कुठल्याही मोठ्या मैदानावर पहाटे पाचला जाऊन बघा. पोलीस भरती, सैन्य भरती, वनरक्षक भरती. डझनावारी मुलं-मुली धावताना दिसतील. कुणी शेजारच्या गावातून सायकलवर आलेला, कुणी खोली भाड्यानं घेऊन राहिलेली. वयाची मर्यादा डोक्यावर टांगलेली असते, घरचे वाट पाहत असतात. म्हणून ही मुलं रोज, अगदी रोज, जीव तोडून पळतात. घड्याळ लावून १६०० मीटर, परवा तेच, आजही तेच. महिन्याभरात नडगी दुखायला लागते. मग पट्टी बांधून पुन्हा तेच. दुखणं वाढलं की पंधरा दिवस घरी, आणि तोवर भरतीची तारीख येऊन ठेपते.

तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल, तर हा लेख त्याला वाचून दाखवा.

हलक्या धावण्यात वेळ वाया जात नाही. बराच वेळ संथ गतीनं धावलं, की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, शरीर चरबी जाळून चालायला लागतं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावता येतं, हे सगळ्यात महत्त्वाचं. वेग बरोबर आहे का, हे ओळखायला यंत्र नको. धावता धावता सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटत असतील, तर वेग कमी करा. आठवड्यात दोन दिवस जोर लावा, ४००-४०० मीटरचे तुकडे मधे विश्रांती घेऊन. बाकीचे दिवस गप्पा मारत.

इथे एक सावधगिरी. ब्योर्गेनबाईंचे तास आपण उचलायचे नाहीत. स्कीवर पाय घसरत जातो, धावताना प्रत्येक पावलाला हाडावर आदळ बसते. म्हणून अंतर हळूहळू वाढवा आणि मधूनमधून सायकल किंवा पोहणं घ्या.

आता उन्हाचं. मे महिन्यात रायपूरचा पारा ४० अंशांच्या वर सहज जातो. शरीर उष्णतेला सरावतं, पण त्याला साधारण १० ते १४ दिवस लागतात. मग घाम लवकर फुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. तोवर घाई नको. उजाडण्याआधी निघा, ऊन चढायच्या आत घरी या. चक्कर, मळमळ, अंगावर काटा आला तर थांबायचं, त्यात कसली मर्दुमकी नाही. वासालोप्पेतच्या वाटेवर खेळाडूंना ब्लूबेरीचं गोड सार पाजतात. छत्तीसगडकडे त्याहून जुनं उत्तर आहे. रात्री पाण्यात घातलेला भात, सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची. बोरे-बासी. पाणी, मीठ आणि पिष्ट, तिन्ही एका वाडग्यात. सरावाहून परतल्यावर खाऊन बघा.

आणि बर्फ नसलेल्या गावाचा माणूस बर्फावर पोचतच नाही, असं समजू नका. कर्नाटकातल्या कोडगूची भवानी कॉफीच्या मळ्यांच्या मुलखातून येऊन स्कीइंगमध्ये देशासाठी उतरते. २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये सैन्यातले जगदीश सिंग १५ किलोमीटरच्या स्की-शर्यतीत भारताकडून धावले. आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तर उलट वाटेनं आला. सैन्यात भरती झाला, सियाचीनच्या बर्फात राहिला आणि मग धावपटू झाला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यानं रौप्यपदक मिळवलं. त्याचीही सुरुवात भरतीपासूनच झाली होती.

रायपूरला आलात, तर एक पहाट तेलीबांधा तलावाभोवतीच्या मरीन ड्राइव्हवर काढा. आजोबा, काकू, शाळकरी पोरं, सगळी तिथे चालताना भेटतील. पाय मोकळे झाले, की कधीतरी नवा रायपूरचा लांब सरळ रस्ता गाठा आणि सोबत बोलायला कुणीतरी घ्या. बोलणं तुटायला लागलं, की वेग उतरवायचा.