भंडारदऱ्याला दोन दिवस

सुरू उसाची लागण उरकली अन् सौ.ला घेऊन भंडारदऱ्याला जाऊन आलो. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण दोघंच असे पहिल्यांदाच निघालो. तळ्याकाठी तंबूत मुक्काम, चुलीवरचं पिठलं-भाकरी, समोर रतनगड.

त्याच रतनगडाच्या डोंगरात प्रवरा उगम पावते. 1926 साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणानं ती इथं अडवली. साठवण साधारण 11 टीएमसी. हेच पाणी पुढं ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यानं आपल्या उसाला येतं.

तंबूवाल्या मावशींची शेती वर डोंगरउताराला. पावसाळ्यात भात, नागली, वरई. पुढं रान कोरडं. पाणी डोळ्यांसमोर, पण वर चढवायचं कशानं?

रात्री सौ. म्हणाली, "अहो, ह्या पाण्याकडं बघत बसतात, अन् आपण पाटानं सोडून झोपतो."

ठरलं मग. यंदा दोन एकर उसाला ठिबक. कालव्याचं आवर्तन रोज नसतं, म्हणून आवर्तनात विहीर भरून घ्यायची अन् तिच्यावर ठिबक चालवायचं. पाच फुटी सरी आहेच.

वाचलेलं पाणी काही मावशींच्या रानात चढणार नाही, हे कळतं. पण तळं बघून आल्यावर रात्रभर पाट सोडवत नाही.

भारी जमिनीत ठिबक किती वेळ चालवता? अनुभव सांगा.