दीड दिवसाचा मुक्काम

प्रवासाला निघावें केव्हां आणि बरोबर न्यावें काय, याविषयीं सल्ला देणारे लोक उदंड भेटतात. परंतु गेल्या ठिकाणीं राहावें किती, हें विचारलें कीं तेच लोक घुटमळूं लागतात. वास्तविक प्रवासाचें सुखदुःख याच प्रश्नावर अधिक अवलंबून असतें. एक दिवस कमी पडला तर मनाला रुखरुख लागते. एक दिवस अधिक झाला तर तो खिशाला आणि स्वभावाला जाचतो. बेकननें आपल्या 1625 सालच्या प्रवासविषयक निबंधांत तरुण प्रवाशाला बजावलें आहे कीं, एका शहरांत फार दिवस राहूं नये. शहराच्या योग्यतेप्रमाणें कमी-अधिक राहावें, आणि तेवढ्यांतहि बिऱ्हाड गांवाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हलवीत जावें. सल्ला उत्तम आहे, परंतु तो एकट्या तरुणाला दिलेला आहे. ज्याच्याबरोबर पत्नी, दोन मुलें व तीन बॅगा आहेत, आणि ऐन आंब्याच्या दिवसांत जिची सासू वाट पाहत नसून ज्याची पाहत आहे, त्या गृहस्थाला बेकनाचा फारसा उपयोग नाहीं. आमचे मेहुणे हे असेच एक गृहस्थ आहेत.

गेल्या एप्रिलच्या अखेरीस त्यांचा नागपुराहून फोन आला. मे महिन्यांत आठ दिवसांची रजा मिळाली होती. रात्रीच्या गाडीनें निघून कल्याणला उतरावें, तेथून मोटारीनें खोपोलीस जावें, 'इमॅजिका' या खेळांच्या उद्यानांत मुलांसह दोन दिवस काढावे आणि मग चिपळुणास यावें, असा त्यांचा बेत होता. आठांतून जाण्यायेण्याचे दोन गेले, खोपोलीचे दोन गेले, उरले चार. ही वजाबाकी त्यांनीं आम्हांस सांगितली नाहीं. ती आमच्या आईनें फोन ठेवल्याबरोबर बोटांवर केली. तिला ब्यायशीवें वर्ष चालू आहे. "चार," एवढेंच ती म्हणाली आणि माडीवर गेली.

माडीवर तिची आढी होती. हापूस झाडावरून उतरला म्हणजे तो गवतांत थर देऊन ठेवावा लागतो, आणि साधारण आठ-दहा दिवसांनीं रंग धरतो. आईनें लेकीच्या सहा दिवसांच्या अंदाजानें, मध्यें दोन दोन दिवस सोडून, तीन आढ्या घालण्याचें ठरविलें होतें. पहिली घालूनहि झाली होती. पूर्वीं आढी खालच्या कोठीच्या खोलींत असे. 22 जुलै 2021 च्या पुरांत त्या खोलींत छातीपेक्षां वर पाणी चढलें, तेव्हांपासून ती माडीवर आली. तेव्हांपासूनच आमच्या बहिणीचा आग्रह आहे कीं, आईनें पावसाळ्याचे चार महिने नागपुरास येऊन राहावें. आईचें उत्तर ठरलेलें असतें: "किती दिवसांनीं परत आणून सोडाल, तें आधीं सांगा."

दोन दिवस कां, याचें कारण मात्र मेहुण्यांपाशीं तयार होतें. मनमोहन शेट्टी यांनीं खालापूर तालुक्यांत हें उद्यान 2013 च्या एप्रिलमध्यें सुरू केलें, तेव्हां तें एका दिवसांत पाहून होण्यासारखें होतें. पुढें 2014 सालीं त्याच्या शेजारीं पाण्याच्या खेळांचें दुसरें उद्यान निघालें, त्याचें तिकीट वेगळें. म्हणून एकाचे दोन दिवस झाले. (त्याच 2013 च्या जानेवारींत आमच्या चिपळुणांत शहाऐंशीवें साहित्यसंमेलन भरलें होतें. तें संमेलन मात्र तीनच दिवसांत आटपलें, यांत वाङ्मयाचें कांहीं तरी भलें असावें.)

या तिकिटांचें गणित पाहण्यासारखें आहे. आमच्या लहानपणीं जत्रेंत लांकडी पाळणा येई. एका फेरीचे पैसे द्यावे, फेरी संपली कीं उतरावें, मुठींतलीं नाणीं संपलीं कीं घरीं यावें. किती थांबावें हा प्रश्न नाणींच सोडवीत. कॅलिफोर्नियांत 1955 सालीं डिस्नेलँड निघालें, तेव्हां तेथेंहि दाराच्या तिकिटाशिवाय प्रत्येक खेळाची चिठ्ठी निराळी फाडावी लागे. ती पद्धत 1982 सालीं गेली, आणि एकदां दारांत पैसे भरले कीं दिवसभर वाटेल तितकें हिंडावें असें झालें. फ्लोरिडांतलें त्यांचें 1971 सालचें उद्यान तर राहण्याच्या हॉटेलांसह वसविलेलें. तेथें आतां दिवस वाढविले कीं दर दिवसाचा भाव उतरतो. म्हणजे विकण्याचा जिन्नस पाळण्याची फेरी हा राहिला नाहीं, माणसाचा दिवस हा झाला. आणि दिवस विकत घेतला कीं तो वसूल करावासा वाटतो. पाय दुखत असले तरी फाटक बंद होईपर्यंत मनुष्य हिंडतच राहतो.

1989 सालीं गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालें, तेव्हां आम्ही मुंबईस शिकत होतों. मार्व्याहून लाँचमध्यें बसून खाडी ओलांडावी लागे, आणि परतीची लाँच केव्हां सुटते त्यावर सगळा बेत बांधावा लागे. कोंकणांतले मुक्कामहि पूर्वीं असे वाहनानेंच ठरत. आमचे आजोबा मुंबईहून आगबोटीनें दाभोळास उतरत आणि तेथून भरतीच्या पाण्यावर वाशिष्ठीच्या खाडींतून गोवळकोटच्या धक्क्याला येत. एवढा खटाटोप करून आलेला मनुष्य महिन्याच्या आंत परत जाण्याचें नांव काढीत नसे. पुढें एस्‌.टी.ची रात्रभराची गाडी आली. तिनें आलेला मनुष्य पंधरा दिवस राही, कारण त्यांतले दोन तर अंग सरळ होण्यांतच जात. कोंकण रेल्वे 26 जानेवारी 1998 पासून सबंध लांबीची सुरू झाली. चिपळुणांत जो तो म्हणूं लागला कीं, आतां माणसें येतील. माणसें आलीं, पण जीं महिन्यासाठीं येत तीं शनिवारीं येऊन रविवारीं जाऊं लागलीं. वाट सुधारली कीं मुक्काम आंखडतो, हें आम्हीं आमच्याच ओटीवर बसून पाहिलें आहे. म्हणून महामार्गाचें चौपदरीकरण रखडल्याबद्दल लोक सरकारला शिव्या देतात तेव्हां आम्ही त्यांत मोठ्यानें सूर मिळवीत नाहीं.

शास्त्रकारांनींहि या प्रश्नाला हात घातला आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत अतिथीची व्याख्याच अशी केली आहे कीं, जो एक रात्र राहतो तो. त्याचें राहणें नित्य नाहीं म्हणून तो अतिथि. संन्याशाला खेड्यांत एक रात्र आणि नगरांत पांच, अशी मर्यादा सांगितलेली आढळते. पाहुण्याच्या तिसऱ्या दिवशीं त्याच्या अकलेची चौकशी करणारी म्हण तर सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु या सर्वांहून आम्हांस आमच्याकडील गणपतीची रीत अधिक समंजस वाटते. कोणाचा दीड दिवसाचा, कोणाचा पांच दिवसांचा, कोणाचा गौरीबरोबर जाणारा, कोणाचा अनंतचतुर्दशीपर्यंतचा. पाटावर बसण्यापूर्वींच त्याचे दिवस ठरलेले असतात. निरोपाच्या वेळीं घरांतलीं मुलें रडतात. पण वाद कोणी घालीत नाहीं. शिवाय दीड दिवसाच्या गणपतीला मोदक कमी केले, असें कोणत्याहि घरीं ऐकिवांत नाहीं.

आमचा गणपति दीड दिवसाचा आहे. म्हणून मेहुण्यांचा दुसरा फोन आला तेव्हां आईनें तो आमच्या हातांतून घेतला आणि सांगितलें, "जावईबापू, खोपोलीला दीड दिवस पुरे. आपल्या घरीं देवसुद्धां तेवढाच राहतो." जावईबापू उच्च न्यायालयांत वकिली करतात, पण या मुद्द्यावर त्यांना कांहीं सुचलें नाहीं. चाराचे साडेचार झाले.

तिनें आम्हांस त्यांना आणण्यासाठीं खोपोलीस धाडलें. खरें म्हणजे दीड दिवस मोजण्यासाठीं धाडलें. परशुरामाचा घाट ओलांडून खेड, मग कशेडीचा नवा बोगदा, महाड, माणगांव, कोलाड, आणि वाकणला महामार्ग सोडून पालीवरून खोपोली. चिपळुणास आलेल्या पाहुण्यांना आम्ही एरवीं सावर्ड्याजवळ डेरवणच्या शिवसृष्टींत नेतों. तेथील पुतळे जागचे हलत नाहींत. तास-दीड तासांत पाहून होतें आणि किती थांबावें यावर आजवर कोणाचें भांडण झालेलें नाहीं. येथें मात्र सर्वच हलत होतें.

भाची अकरा वर्षांची, भाचा सात. भाचीनें वहींत पंधरा खेळांची यादी करून प्रत्येकापुढें एक चौकोन काढला होता. मोठ्या खेळांच्या दाराशीं उंचीची पट्टी असते. तिच्या खालीं राहिलेल्या मुलाला आंत सोडीत नाहींत. 'नायट्रो' नांवाच्या, माणसांना उलटेंपालटें करीत धांवणाऱ्या गाडीपाशीं भाचा पट्टीखालीं राहिला, आणि त्याच्यापुरता उद्यानाचा बराच भाग मिटला. त्याची समजूत घालण्यासाठीं आम्हीं त्याला 'राजासॉरस' कोण तें सांगितलें; त्या नांवाचाहि एक खेळ तेथें आहे. नर्मदेच्या खोऱ्यांत सांपडलेल्या हाडांवरून 2003 सालीं नांव ठेवलेला हा प्राणी अस्सल आपल्या देशचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं असे सगळे प्राणी संपले, असें आम्हीं सांगितलें. त्यानें विचारलें, "त्याच्या आधीं ते इथें किती दिवस होते?" कांहीं घरांत विषय हवेंतच असतो.

रांगेंत अर्धा अर्धा तास उभें राहावें आणि खेळ दोन-तीन मिनिटांत आटपावा, असें एकंदर प्रमाण होतें. लोक याचा त्रागा करतात. आम्हांस तो पटत नाहीं. भाचीनें त्या रांगांत आम्हांस तिच्या शाळेच्या, मैत्रिणींच्या आणि नागपुरांतल्या एका मांजराच्या जेवढ्या गोष्टी सांगितल्या, तेवढ्या वर्षभराच्या फोनांत मिळून सांगितल्या नव्हत्या. रांग नसती तर ती आम्हांस सांपडती ना.

संध्याकाळीं वहींतले नऊ चौकोन भरले होते. मुलांनीं दुसऱ्या दिवशीं सबंध दिवस पाण्याच्या उद्यानांत जाण्याचा हट्ट धरला. मेहुण्यांनीं आमच्याकडे पाहिलें; आम्हीं आईनें दिलेले आंकडे सांगितले: उद्यां दुपारीं बाराला निघायचें. तेव्हां बहीण, जी दिवसभर फारशी बोलली नव्हती, ती म्हणाली, "दादा, उद्यांचा दिवस मला इथें हवा आहे."

आम्हांस वाटलें, ती मुलांची वकिली करते आहे. तसें नव्हतें. "मुलांना पाण्यांत सोडीन आणि मी नुसती बसून राहीन," ती म्हणाली. "इथें मला कोणी चहा मागत नाहीं. माहेरीं आलें तरी दुसऱ्या दिवसापासून ओट्याशीं मीच असतें. वहिनी नको म्हणते, आई नको म्हणते, तरी असतें. हात राहत नाहीं. चार दिवस झाले काय आणि साडेचार झाले काय, तो अर्धा दिवस ओट्यालाच जायचा."

माहेरपणावर मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांत ओट्याचा उल्लेख आम्हांस फारसा आठवत नाहीं.

आईला फोन लावला. सर्व ऐकून ती थोडा वेळ गप्प होती.

"दिवस मुलांना हवा आहे कीं तिला?"

"तिला."

"मग राहूं दे. मुलांसाठीं म्हणाला असतास तर नाहीं म्हटलें असतें." आणि फोन ठेवतां ठेवतां, "पहिली आढी मी आज उघडतें. आंबा कोणासाठीं थांबत नाहीं."

दुसरा दिवस पहिल्यासारखा नव्हता. भाचीनें वही आणली नाहीं. भाऊबहीण दोघांनाहि चालणारी एकच घसरगुंडी त्यांनीं धरून ठेवली आणि बाकीच्या पाण्याकडे ढुंकून पाहिलें नाहीं. पहिल्या दिवशीं तीं उद्यान पाहण्यासाठीं आलीं होतीं. आज तीं तेथलीं झालीं होतीं, आणि यासाठीं दुसरा दिवस लागतो हें आम्ही मान्य करतों. तिसरा लागतो असें मात्र कोणी आम्हांस पटवूं नये. बहीण छत्रीखालच्या आरामखुर्चींत बसली होती. तिनें पर्समधलें पुस्तक काढून मांडीवर ठेवलें आणि तें दुपारपर्यंत उघडलें नाहीं. एकदां तिनें स्वतःच जाऊन चहा आणला. एकच आणला. आमच्यासाठीं आणला नाहीं, हें पाहून आम्हांस बरें वाटलें.

चिपळुणास पोचेपर्यंत रात्रीचे साडेदहा झाले. आई ओटीवर जागी होती. साडेचारांचे पुन्हां चार झाले होते, पण त्याबद्दल ती एक शब्दहि बोलली नाहीं. सकाळीं बहीण संवयीनें ओट्याकडे वळली, तों तेथें शेजारच्या आळींतल्या एक बाई पोळ्या लाटीत होत्या. आईनें त्यांना चार दिवसांचें सांगून ठेवलें होतें. "तूं माडीवर ये," ती बहिणीला म्हणाली, "मला गवत उलटायला कोणी नाहीं." त्या दोघी तेथें दोन तास होत्या. गवत उलटायला दोन तास लागत नाहींत. आईच्या नागपुरास जाण्याची गोष्ट त्यांत निघाली असावी, कारण जेवतांना बहिणीनें सहज विचारल्यासारखें करून गणपति यंदा कोणत्या तारखेला आहेत, तें कॅलेंडरांत पाहिलें.

पांचव्या दिवशीं सकाळीं तीं निघालीं. दुसरी आढी चार दिवसांत संपली होती. तिसरींतले आंबे अजून कठीण होते. ते आईनें तसेच पेटींत गवत घालून भरले, नागपुरास पोचल्यावर चारपांच दिवसांत तयार होतील अशा बेतानें. पहिल्या आढींतले, जे कोणाच्या वाट्याला आले नव्हते, त्यांचा रस काढून तिनें गच्चीवर ताटांतून साठें घातलीं होतीं. बहिणीला तीं न्यायचीं होतीं. आईनें बोटानें दाबून पाहिलीं. मध्यें अजून ओल होती. त्यांना आणखी दोन उन्हें पाहिजे होतीं, म्हणून तीं मागें राहिलीं.