जुन्या गाडीची शुश्रूषा

तुमच्या घरात निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले कोणी 'एखादी जुनी फियाट घेऊन ती दुरुस्त करावी म्हणतो' असे बोलू लागले, तर लगेच हसू नका आणि लगेच खर्चाचा हिशेबही मांडू नका. हा छंद चांगला आहे. त्यात हातांना काम आहे, डोक्याला कोडे आहे, आणि एरवी ज्यांच्याशी आपले कधी बोलणे झाले नसते अशा माणसांची सोबत आहे. फक्त त्यांना एक प्रश्न विचारा : ब्रेकच्या ड्रममधली काळी धूळ तुम्ही कशी काढणार? उत्तर ऐकून मग काय ते ठरवा.

प्रश्न विचित्र वाटेल. तो इतका महत्त्वाचा का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

जाणकारांच्या परिभाषेत 'व्हिंटेज' म्हणजे 1919 ते 1930 या काळातली मोटार. त्या अर्थाने माझी गाडी व्हिंटेज नव्हे. परंतु आपल्याकडे केंद्र सरकारने 2021 साली जे नियम केले, त्यांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, खासगी वापराची आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे. या नोंदणीची गाडी रोज बाजारहाटाला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणायची. मला हा नियम आवडतो. पन्नाशी उलटलेल्या यंत्राकडून रोजच्या धावपळीची अपेक्षा करू नये, एवढी समज त्यात आहे.

माझी गाडी म्हणजे 1967 सालची फियाट 1100 डी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने, म्हणजे वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या कंपनीने, ती बनवली. हिच्या आधीच्या गोलसर अवताराला आपल्याकडे प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणत, हे वयस्कर वाचकांना आठवत असेल. हीच 1100 डी पुढे 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने घरोघरी पोहोचली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. इंजिन चार सिलिंडरचे, 1089 सीसीचे. गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला. चारही चाकांना ड्रम ब्रेक. गाडी मामांची. ते गेल्यावर साताऱ्याच्या वाड्याच्या चौकात ती बावीस वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. कोंबड्यांनी तिच्या मागच्या सीटवर किती अंडी घातली असतील, देव जाणे.

जुनी गाडी उभी करणे म्हणजे रंग देऊन चकचकीत करणे, असा एक समज आहे. वास्तविक रंग हे शेवटचे आणि सर्वांत सोपे काम. या गाडीला वेगळी चौकट नाही. पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. त्यामुळे दारांखालच्या पट्ट्या आणि तळाचा पत्रा गंजला असेल, तर ते केवळ कुरूप दिसणे नसते, हाड ठिसूळ होणे असते. वरून लांबी भरून रंग मारलेल्या गाड्या बाजारात पुष्कळ मिळतात. आम्ही सडलेला पत्रा कापून नवा जोडला. त्यात एक पावसाळा गेला. कार्बोरेटर सात वेळा उघडला. इंजिनचे बोअरिंग करणाऱ्या लेथवाल्याकडे इतक्या फेऱ्या झाल्या, की त्याच्या नातीच्या बारशाला आम्हाला निमंत्रण आले. या कामात घाई करता येत नाही. गंजून बसलेला नट जोर लावला की तुटतो. तेल सोडून दोन दिवस वाट पाहिली तर तोच हाताने फिरतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला अशी वाट पाहण्याची सवय लागली, तर तिचे मोल वेगळे सांगायला नको.

मी 'आम्ही' म्हणतो आहे, कारण या कामातले माझे हात दुय्यम. खरे हात तात्यांचे.

तात्या आमच्याच तालुक्यातले. कुर्ल्याच्या एका गॅरेजात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ टॅक्सी दुरुस्त केल्या. दिवसाला दोन-दोन, तीन-तीन गाड्यांचे ब्रेक. पद्मिनी टॅक्सी हळूहळू कमी होत गेल्या. शेवटच्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत 2023 च्या ऑक्टोबरात संपली आणि ती मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. तात्यांचे काम त्याच्या कितीतरी आधीच संपले होते. नव्या गाड्यांना संगणक लावून दोष शोधतात. तात्या कान लावून शोधत. गावी परतल्यावर ते पारावर बसून असत. माझ्या गाडीची बातमी त्यांना कोणीतरी सांगितली आणि एके दिवशी ते स्वतःच आले. बॉनेट उघडून बराच वेळ नुसते पाहत राहिले. "साहेब, हिला टाकू नका," एवढेच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांचे पारावर बसणे थांबले. सकाळी नऊच्या ठोक्याला पुतण्याच्या मोटरसायकलवरून यायचे. तो एकोणीस वर्षांचा पोरगाही मग हाताखाली राहिला.

ब्रेकचे काम निघाले तेव्हा तात्यांनी पहिला ड्रम उतरवला, आतली काळी-करडी पूड पाहिली आणि सवयीने कंप्रेसरची नळी मागितली. हवेचा एक झोत मारला की ड्रम क्षणात स्वच्छ होतो. प्रत्येक गॅरेजात असेच करत आले आहेत. मी नळी दिली नाही. तात्यांना नवल वाटले. "ही धूळ खाऊनच मोठे झालो की आम्ही," ते हसून म्हणाले. आणि त्या हसण्याचा शेवट खोकल्यात झाला.

वाचकहो, त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असे. हे खनिज तंतुमय, जळत नाही, घर्षणाच्या उष्णतेला दाद देत नाही. म्हणून ते या कामासाठी आदर्श मानले गेले. सायलेन्सरच्या आणि हेडच्या पॅकिंगमध्येही ते वापरत. लायनर झिजतो तेव्हा त्याची पूड ड्रममध्ये साठते, आणि त्या पुडीत डोळ्यांना न दिसणारे तंतू असू शकतात. ते श्वासाबरोबर फुप्फुसात खोल उतरतात आणि शरीराला ते विरघळवताही येत नाहीत, बाहेरही टाकता येत नाहीत. फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग आणि फुप्फुस ताठ होत जाण्याचा विकार यांच्याशी ॲस्बेस्टॉसचा संबंध निर्विवाद सिद्ध झालेला आहे. भयंकर गोष्ट अशी, की धूळ आत जाणे आणि आजार उघड होणे यांत वीस, तीस, कधी चाळीस वर्षे जातात. आज खोकला नाही म्हणजे आज काही झाले नाही, असे म्हणण्याची सोयच नाही. धूम्रपान करणाऱ्याच्या बाबतीत तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो.

हे केवळ मिस्त्रींचे दुखणे असते, तरी ते आपलेच मानायला हवे होते. पण ते तेवढ्यावर थांबत नाही. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या बायकांनाही हे आजार झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. त्या कारखान्यात कधी गेल्या नव्हत्या. नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धूत होत्या. तात्यांच्या पत्नीने तीस वर्षे तेच केले. मला हे कळले तेव्हा मी ते तात्यांना सांगावे की नाही, या विचारात दोन दिवस घालवले. झालेले पुसता येत नाही, मग सांगून भीती का द्यावी? शेवटी पत्नी म्हणाली, "त्यांना नाही तरी त्या पोराला सांगायला हवं ना?" आणि पोराला सांगायचे तर तात्यांसमोरच सांगावे लागणार होते.

सांगितले. तात्या गप्प ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारले, "हिलाबी दाखवावं का डॉक्टरांना?"

दोघांनाही छातीच्या डॉक्टरांकडे नेले. काकूंची तपासणी निर्दोष निघाली. तात्यांच्या एक्स-रेत संशयास्पद असे काही नव्हते; फुंकून करायच्या तपासणीत मात्र श्वासनलिका अरुंद झाल्याचे दिसले. यात बिडीचा वाटा किती, इंजिनाच्या धुराचा किती आणि धुळीचा किती, हे वेगळे काढून सांगता येणार नाही, असे डॉक्टर स्पष्ट म्हणाले. बिडी त्याच दिवशी बंद करायला सांगितली, इनहेलर दिले आणि ठरावीक काळाने येत राहायला बजावले. एक गोष्ट त्यांनी जोर देऊन सांगितली आणि ती मी तुमच्यापर्यंत पोहोचवतो : डॉक्टरांकडे जाताना आज काय करता एवढेच नव्हे, आयुष्यभर काय काम केले तेही सांगा. तात्या आधी दोन ठिकाणी खोकल्याचे औषध घेऊन आले होते. 'शेती' एवढाच व्यवसाय त्यांनी सांगितला होता.

आमच्या गॅरेजात मग रीत बदलली. कंप्रेसर ब्रेकपाशी येत नाही. साबणाचे पाणी बाटलीतून हलकेच फवारून पूड आधी भिजवायची, ओल्या फडक्याने पुसायची, फडके ओले असतानाच जाड पिशवीत घालून तोंड बांधायचे. कोरडा झाडू मारायचा नाही. तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क बांधून उपयोग नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा, सूक्ष्म कणांचे फिल्टर बदलता येतील असा रेस्पिरेटर हवा. कामाचे कपडे गॅरेजातच उतरवायचे. नवे लायनर ॲस्बेस्टॉसविरहित घ्यायचे. इथे छंदिष्टांशी माझे वाजते. जुन्या साठ्यातले, मूळ खोक्यातले लायनर मिळाले की त्यांना हर्ष होतो. पण नेमक्या त्याच मालात हे खनिज असण्याचा संभव अधिक. ड्रमच्या आत झाकलेली वस्तू मूळची आहे की नाही, हे पाहायला कोण येणार आहे? अस्सलपणाचा आग्रह बिल्ल्यांपुरता, दिव्यांपुरता ठेवावा.

रंगाचेही तसेच. जुन्या थरांत शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासायचे नाही. पाणी लावून वॉटर पेपरने घासायचे, आणि तेव्हा नातवंडे आवारात नकोत. मुलांच्या रक्तातले शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानले जात नाही. हार्डनर मिसळून फवारायचे आधुनिक रंग दमा जडवू शकतात आणि धुळीचा मास्क त्या वाफा अडवत नाही. ते काम आम्ही योग्य बूथ असलेल्याकडे सोपवले. खर्च वाढला, आणि त्याबद्दल मला मुळीच वाईट वाटत नाही.

बाकीच्या गोष्टी तुम्हाला ठाऊक असतील, तरी एकदा घरात मोठ्याने वाचाव्यात. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोके दुखून मळमळू लागले की आधी बाहेर यावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, घोडी लावावी. हात पेट्रोलने धुऊ नयेत. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत असते; आपल्याच उसाचे ते लेकरू, पण जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. नळी मऊ पडून गळू लागली तर तापलेल्या इंजिनावर थेंब पडायला वेळ लागत नाही, म्हणून नळ्या सर्वांत आधी बदला. आणि या गाडीला सीट बेल्ट नाहीत. नातवाने कितीही हट्ट केला तरी त्याला मी आवाराबाहेर नेत नाही. महामार्गाचा तर प्रश्नच नाही.

गाडी आता चालते. चोक ओढून पहिल्याच खटक्याला सुरू होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, तिसऱ्याला होते. तात्यांची बिडी चार महिने बंद होती, मग एका लग्नात सुरू झाली, आता पुन्हा बंद आहे. चढ चढताना ते थांबतात. काम मात्र सोडले नाही, आणि सोडा असे सांगण्याचा धीर मलाही होत नाही. त्यांना पारावर परत पाठवणे हा काही उपचार नव्हे. आम्ही तडजोड केली आहे : ब्रेक, क्लच आणि पॅकिंग उघडायचे असेल तेव्हा तात्या अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि तिथून सूचना देतात.

गेल्या महिन्यात फलटणहून एक गृहस्थ त्यांची 1964 ची फियाट घेऊन आले. पुतण्याने चाक काढले, ड्रमवर हात ठेवला. गृहस्थांनी घाईने कंप्रेसरची नळी पुढे केली. "ती नको," तो म्हणाला आणि बादली आणायला गेला. अंगणातून तात्या ओरडले, "साबण जास्त घालू नकोस रे!"