आपोआप

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. नातू सुट्टीला आगाशीला आला तो आपली जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर अंगणात गाडीचं बॉनेट उघडं आणि बाजूला हा पसारा: वायपरच्या पाण्याची बाटली, तिची छोटी मोटर, माशांच्या टाकीची नळी आणि माझ्या वाडीतल्या फॉगरची दोन नोझलं!

"हे काय रे?"

"आजोबा, इंटरकूलरवर पाणी मारणार आहे."

मी मराठीचा मास्तर, बी.ए. सुद्धा मराठी माध्यमातून. तेव्हा इंटरकूलर म्हणजे काय, इथूनच सुरुवात. त्याने मला सायकलचा पंप भराभर मारायला लावला. पंप हाताला गरम लागला. "हवा दाबली की तापते. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो. सुपरचार्जरही तेच करतो, फक्त तो इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो आणि टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर. हवा गरम असली की विरळ होते, ताकद कमी मिळते, इंजिन नॉक करतं. म्हणून वाटेत हवा गार करणारी ही जाळी."

"आणि पाणी कशाला?"

"तुमच्या माठासारखं!"

मग मात्र समजलं. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी लागते, पण त्याची वाफ व्हायला सुमारे 540. ही उष्णता पाणी जाळीतून ओढून घेतं.

पाणी थेट इंजिनात सोडण्याची युक्तीही जुनी आहे म्हणे. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांत पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण सोडत. 2015 साली बीएमडब्ल्यूने एम4 जीटीएस गाडीत पाण्याचा फवारा दिला. त्याच्याही आधी, 1962 साली, अमेरिकेत ओल्डस्मोबिल जेटफायर नावाची टर्बो गाडी निघाली. तिला असंच मिश्रण लागे. पण मालक टाकी भरायला विसरत, आणि टाकी रिकामी झाली की गाडीचा जोर उतरे.

"मग तू आत का नाही सोडत?"

"पाण्याच्या भरवशावर जोर वाढवला आणि बाटली संपली, तर पिस्टन जातील. बाहेरून मारलं तर फार तर थंडावा जाईल."

पोरगा शहाणा आहे. जव्हारच्या घाटात चाचणी झाली. बटण दाबलं की आत जाणाऱ्या हवेचं तापमान 61 वरून 52 वर आलं. त्याला आणखी हवं होतं. मी म्हटलं, "अरे, हवा आधीच दमट असली की पाणी सावकाश उडतं. नागपूरचा माठ जेवढा गार, तेवढा आगाशीचा होत नाही."

त्या रात्री पाण्यासाठी उठलो. फ्रीज उघडताना कोपऱ्यातल्या माठाकडे नजर गेली. ही गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, तो पालथाच आहे.

एकदा विज्ञानाचे सर रजेवर असताना मी हाच धडा शिकवला होता. घरचा माठ वर्गात नेला आणि फळ्यावर लिहिलं, "माठातील पाणी आपोआप गार होते." घरी हिला सांगितलं, तर ती हसून म्हणाली, "आपोआप? मग उद्या विहिरीवर तुम्हीच जा." मी ते विनोदावारी नेलं. विहीर, मग नळ, मग टँकर; एक्केचाळीस वर्षांत माठ कधी रिकामा दिसला नाही, आणि तो कोण भरतं हे मी कधी पाहिलं नाही.

पहाटे माठ घासला, भरला. खूप दिवस कोरडा राहिल्यामुळे आधी नुसतं पाणी पीत राहिला.

परवा नातवाचा फोन आला. "आजोबा, घाटात बाटली संपली, भरायचीच राहिली." रागावणार होतो, पण कोणत्या तोंडाने? एवढंच म्हटलं, "निघताना बघत जा रे."

फोन ठेवला आणि माठात हात घालून पाहिला. अर्ध्यावर आला होता.