चौकटीबाहेरची वाक्ये

आमच्या घरात ‘पुस्तक’ म्हणजे अभ्यासाचे पुस्तक. ज्यावर परीक्षा होत नाही त्याला पुस्तक म्हणण्याची पद्धत आमच्याकडे नाही. कोल्हापुरात किलोवर पुस्तके विकणाऱ्या प्रदर्शनातून मी एक चित्रांचे इंग्रजी पुस्तक घरी आणले, तेव्हा अण्णांनी ते हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “हे कुठल्या पेपरला आहे?” कुठल्याच नाही असे सांगितल्यावर त्यांनी ते शांतपणे परत दिले. अण्णा यंत्रमागावर रात्रपाळी करतात. वाद घालण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नसतो.

ते पुस्तक म्हणजे ‘किमी नि तोदोके’ या जपानी चित्रकथेचा मधलाच एक खंड होता. नावाचा अर्थ साधारण ‘तुझ्यापर्यंत पोहोचो’ असा. जपानी पुस्तक उर्दू पुस्तकाप्रमाणे उजवीकडून उघडते आणि इंग्रजी अनुवादातही ते तसेच ठेवतात. शिइना कारुहो या लेखिकेची (चित्रेही तिचीच) ही कथा ‘बेसात्सु मार्गारेट’ नावाच्या मुलींच्या मासिकात २००५ पासून २०१७ पर्यंत येत होती. पुढे तिचे तीस खंड झाले. तीस खंड! आणि कथा केवढी? सावाको नावाची एक शाळकरी मुलगी. लांब काळे केस, अबोल स्वभाव, हसायला गेली तरी समोरच्याला धडकी भरावी असा चेहरा. वर्गातली मुले तिला ‘सादाको’ म्हणतात. हे ‘रिंगू’ या भयपटातल्या भुताचे नाव. त्याच वर्गातला काझेहाया हा सर्वांचा लाडका मुलगा तिच्याशी साधेपणाने बोलतो, आणि त्या बोलण्याचे काय करावे हे तिला कळत नाही. एवढ्यावर पानेच्या पाने. आपल्या दूरदर्शन मालिकांनी तेवढ्या अवधीत दोन लग्ने, एक अपघात आणि एक स्मृतिभ्रंश उरकला असता.

तरीही मी ते खाली ठेवू शकले नाही. उरलेले खंड पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मैत्रिणीच्या भावाकडे होते. ते एकेक करून मागवले आणि शब्दकोश शेजारी घेऊन वाचले. का वाचले, याचे उत्तर मला बऱ्याच दिवसांनी सापडले. ते कथेत नव्हते, पानाच्या मांडणीत होते.

चित्रकथेत पात्र बोलते तेव्हा त्याच्या तोंडापाशी फुगा असतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. या मुलींच्या चित्रकथांत मात्र कितीतरी वाक्यांना फुगाच नसतो. ती चौकटीच्या कडेला, दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत, कधी केसांवर, कधी आभाळात सुटी सुटी पडलेली असतात. अर्धी. पुढे टिंबे... ती मुलीच्या मनातली वाक्ये. आमच्या मराठीच्या सरांनी नाटकातले ‘स्वगत’ शिकवताना सांगितले होते की, स्वगत हे नावालाच स्वतःशी असते, खरे तर ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले पाहिजे. ही वाक्ये तशी नाहीत. ती कुणालाच ऐकवायची नसतात. मुलगी तोंडाने म्हणते, “काही नाही,” आणि पान भरून तिचे ‘काही नाही’ पसरलेले असते. चौकटी मोडतात, एकमेकींवर चढतात, मागे फुले उमलतात, डोळे चेहऱ्याच्या मानाने केवढे तरी मोठे होतात. हसणारे या डोळ्यांना हसतात. पण ज्या पानावर घटनाच घडत नाही, तिथे पाहायचे तरी दुसरे काय?

आमच्या घरात मी धाकटी. ‘काही नाही’ हे माझे दिवसातून दहा वेळा बोलले जाणारे वाक्य आहे. त्यामागे एवढी जागा असू शकते, हे मला कुणी कधी दाखवले नव्हते.

या मासिकांचे मूळ शोधू लागले तर ते थेट शाळेत निघाले. जपानमध्ये १८९९ साली मुलींच्या उच्च शाळांविषयी सरकारी हुकूम निघाला. हेतू सरळ होता : सद्गृहिणी आणि सुजाण माता घडवणे. परंतु शाळेमुळे मुलीच्या आयुष्यात बालपण आणि लग्न यांच्या मधोमध काही वर्षांचा एक मोकळा तुकडा तयार झाला. त्या तुकड्यातल्या मुलीला म्हणायचे ‘शोजो’. १९०२ मध्ये ‘शोजोकाई’ हे मासिक निघाले. १९०८ मध्ये ‘शोजो नो तोमो’, म्हणजे मुलींची मैत्रीण. १९२३ मध्ये ‘शोजो क्लब’. त्यांत कथा, कविता, चित्रे असत आणि वाचक मुलींची पत्रे. टोपणनावाने गावोगावच्या मुली एकमेकींशी त्या पानांतून बोलत. हुकूम काढणाऱ्यांनी याची कल्पना केली नसणार. मुलीला गृहिणी करण्यासाठी जो वेळ दिला, तो वेळ तिने भलत्याच कामाला लावला!

हा तुकडा किती लांबीचा असावा, हे मुलगी ठरवत नाही. तेव्हाही ठरवत नव्हती. पहिल्या वर्षी आमच्या पहिल्या बाकावर बसणाऱ्या तिघीजणी दुसऱ्या वर्षाला आल्या नाहीत. तिघीही पास झाल्या होत्या.

महायुद्धानंतर चित्रकथा वाढली, पण मुलींसाठी ती काढत असत बहुतांशी पुरुषच. तेझुका ओसामु या मोठ्या चित्रकाराने १९५३ मध्ये ‘शोजो क्लब’मध्ये ‘रिबन नो किशी’ सुरू केली. तिची नायिका राजपुत्राच्या वेषात तलवार चालवते. ‘नाकायोशी’ आणि ‘रिबोन’ ही मासिके १९५५ च्या सुमारास आली, ‘मार्गारेट’ १९६३ मध्ये. पाने पुष्कळ, मजकूर कमी पडू लागला. मग संपादकांनी वाचकांनाच हाक दिली. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. १९६४ साली कोदान्शा या प्रकाशनसंस्थेने नवोदितांची पहिली स्पर्धा घेतली. ती जिंकली ओसाकाच्या सातोनाका माचिको या सोळा वर्षांच्या शाळकरी मुलीने. ‘बेसात्सु मार्गारेट’ने तर मासिकातच चित्रकथेची ‘शाळा’ उघडली. मुलींनी घरी काढलेली पाने टपालाने पाठवायची. संपादक त्यांना श्रेणी देत, उणिवा सांगत, चांगल्या निघालेल्या छापत. वर्गखोली नाही, फी नाही, टपालखर्च तेवढा आपला. काल अंक वाचणारी मुलगी उद्या त्याच अंकात लिहू लागली.

बघता बघता पाने मुलींच्या हाती आली. संपादकाच्या खुर्चीवर पुढेही पुष्कळ वर्षे पुरुषच होते, हे खरे. पण पान कुणी काढायचे हा प्रश्न मिटला. हागिओ मोतो १९६९ मध्ये ‘नाकायोशी’तून पुढे आल्या. त्यांच्या पिढीतल्या बऱ्याच जणी शोवा शकाच्या २४ व्या वर्षी, म्हणजे १९४९ च्या आसपास जन्मलेल्या, म्हणून त्यांना ‘चोवीसचा गट’ म्हणतात. १९७२ मध्ये पंचविशीही न गाठलेल्या इकेदा रियोको यांनी ‘मार्गारेट’मध्ये ‘बेरुसायु नो बारा’ सुरू केली. स्थळ फ्रान्स, काळ राज्यक्रांतीचा, नायिका पुरुषासारखी वाढवलेली राजरक्षक दलाची अधिकारी ओस्कार. दोनच वर्षांनी ताकाराझुका या केवळ स्त्रियांच्या नाटकमंडळीने ती रंगभूमीवर आणली. आपल्याकडे बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या. तिकडे पुरुषांची कामेही बायकाच करतात. यावर आमच्या नाट्यमंडळाने एखादे चर्चासत्र घ्यायला हरकत नाही!

अंक म्हणून पाहिले तर ही मासिके काही देखणी नव्हेत. जाडजूड, खरबरीत स्वस्त कागद, सोबत कागदी पिशव्या, पत्रांचे कागद असल्या भेटवस्तू. वाचून झाला की अंक रद्दीत. आवडलेली कथा पुढे खंडरूपाने घ्यायची. अंकात एक पोस्टकार्ड असते. कोणती कथा आवडली ते लिहून पाठवायचे, आणि ज्या कथेला पत्रे कमी ती लवकर गुंडाळली जाण्याची शक्यता. १९९४ च्या सुमारास ‘रिबोन’चा खप पंचवीस लाखांवर गेला होता. आता तो त्याच्या दशांशानेही उरलेला नाही. मुली फोनवर वाचतात.

आता प्रेमाबद्दल. त्याशिवाय या मासिकांवरचा लेख पुरा व्हायचा नाही, आणि मित्रमंडळी तेवढ्यासाठीच इथवर आली असतील.

प्रारंभी ही प्रेमे परदेशात घडत. साध्या जपानी मुलीने प्रेमात पडावे हे त्या काळी छापायला जड जात असावे. १९६० च्या दशकाच्या मध्यास निशितानी योशिको यांनी प्रेमकथा जपानी शाळेच्या वर्गात आणली. पुढच्या दशकात ‘रिबोन’मध्ये मुत्सु आको आणि त्यांच्या जोडीच्या लेखिकांनी तिला जो साचा दिला, तो अजून मोडलेला नाही : मुलगी साधी, जराशी वेंधळी, स्वतःला कमी समजणारी, शेवटी मुलगा म्हणतो, “तू जशी आहेस तशीच मला आवडतेस.” फुजिमोतो युकारी या समीक्षिकेने १९९८ मध्ये या कथांवर एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच प्रश्न आहे : माझी जागा कुठे आहे? त्यांचे म्हणणे असे की, प्रेमकथा हे वरचे रूप; आत या मुली जगात आपल्याला कुठे जागा आहे हे शोधत असतात, आणि मुलाच्या त्या एका वाक्यात ती त्यांना सापडते.

मला प्रश्न मान्य आहे. उत्तराबद्दल मी साशंक आहे. ‘जशी आहेस तशी’ हे प्रमाणपत्र दुसऱ्याने सही करून द्यायचे असेल, तर ते तो परतही घेऊ शकतो. ‘हाना योरी दांगो’ ही कामिओ योको यांची ‘मार्गारेट’मधली कथा घ्या. १९९२ मध्ये सुरू झाली, सुमारे सहा कोटी प्रती खपल्या, तैवान आणि कोरियातही तिच्यावर मालिका निघाल्या. नाव म्हणजे एका जपानी म्हणीवरची कोटी आहे. ‘फुलापेक्षा लाडू बरा’ अशी काहीशी ती म्हण, आणि लाडवाच्या जागी ‘मुलगे’ वाचता येईल अशी अक्षरे घातली आहेत. तिची नायिका माकिनो त्सुकुशी सामान्य घरातली, पण धनिकांच्या शाळेत शिकते. आणि आईवडिलांना आशा ही, की तिथे एखादा श्रीमंत जावई मिळेल. श्रीमंतांच्या मुलांपुढे ती पाय रोवून उभी राहते ते मी अधाशासारखे वाचले. आपल्या घरात कॉलेजची पायरी प्रथम चढलेल्या कुणालाही ते आवडेल. पण ज्याने तिला छळले त्याच्याच दांडगेपणाला पुढे प्रेम म्हटले जाते, तिथे माझे मन उडाले. लोकप्रियता म्हणजे सर्व काही नव्हे, हे मी सहा कोटी प्रतींसमोर उभी राहून म्हणते आहे, याची मला जाणीव आहे.

सावाकोची गोष्ट निराळी आहे, निदान मला तसे वाटते. काझेहायाने तिला जागा दिली, हे खरे. पण त्याच्या आधी आणि त्याच्याहून जास्त पानांत ती मैत्री करायला शिकते. कुरुमी ही तिची प्रतिस्पर्धी. तीही त्याच मुलावर प्रेम करणारी, कपटाने वागलेली. शेवटी हीच कुरुमी अभ्यासाची सोबतीण होते.

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरी स्थळांची बोलणी सुरू झाली आहेत. “तिसरे वर्ष काय, लग्नानंतरही करता येते,” असे पाहुणे म्हणतात. मला पुण्याला जाऊन एम. ए. करायचे आहे. हे मी घरात अजून फुग्यात घालून म्हटलेले नाही.

एके रात्री अण्णा पाळीला गेल्यावर मी शेवटचा खंड वाचत बसले होते. आई भांडी आवरून शेजारी टेकली. आई चौथी शिकलेली. इंग्रजी अक्षर तिला कळत नाही. चित्रे बघत म्हणाली, “ही पोरगी बोलत का न्हाई?”

“बोलते की. हे बघ, इथं लिहिलंय.”

“ते मनातलं हाय. तोंड मिटलंय तिचं.”

मला शब्दकोश घेऊनही जे समजायला कितीतरी दिवस लागले, ते तिने एका नजरेत सांगितले. मग मी पुढची पाने उलगडत गेले. ती मध्येच थांबवे, मागचे पान पुन्हा दाखवायला लावी. शेवटाकडे आल्यावर म्हणाली, “मग लगीन झालं व्हय ह्याच्यासंगं?”

“नाही गं. शाळा संपते. ती मास्तरीण व्हायला विद्यापीठात जाते.”

“लांब?”

“लांबच.”

“आन् हा?”

“तो आहे की. तुटत नाही त्यांचं.”

आई थोडा वेळ गप्प राहिली. नळावरच्या बादलीत पाणी ठिबकत होते, बाहेर मागांची खडखड चालू होती. मग तिने विचारले, “हिचा बाप पाठवतो?”

“पाठवतो.”

“कुठंय तो? त्याचं तोंड दाव बघू,” आई म्हणाली, आणि मी ते पान शोधू लागले.