पश्चिमेची बाजू

आपल्या ग्रंथालयाच्या मागे, सायकल-स्टँडला लागून, एक सोनचाफा उभा आहे. (सायकली तिथे आता दोन-चारच दिसतात, बाकी सगळ्या दुचाकी, पण नाव अजून सायकल-स्टँडच.) पूर्वेकडून पाहिलं तर झाड कसं भरलेलं, हिरवंगार. स्टँडच्या बाजूने पाहिलं तर मात्र नुसता बोडका बुंधा आणि कापलेल्या फांद्यांचे तीन खुंट. मुलांनी त्याला ‘अर्धटक्कल’ असं नाव ठेवलं आहे, आणि ते एका सन्माननीय प्राध्यापकांनाही लागू पडतं म्हणून लोकप्रिय झालं आहे. गेल्या पावसाळ्यात वर्गात कुणीतरी सरांना विचारलं, ‘सर, हे झाड एकाच अंगाने का वाढलं असेल?’ सर म्हणाले, ‘ऊन मिळत नसेल त्या बाजूला.’ मी मागच्या बाकावर खाली मान घालून बसले होते. त्या बाजूला भरपूर ऊन मिळतं. खरं कारण मला ठाऊक आहे, आणि तेच आज लिहायचं आहे.

ते झाड आमचं. म्हणजे आमच्या मंगळवार पेठेतल्या घराच्या परसातलं. आजीचं माहेर चिपळूणकडचं. २००१ साली तिथलं घर मोडलं, तेव्हा ती तिथल्या चाफ्याचं बी पदराच्या गाठीला बांधून कुंभार्ली घाट चढून आली. चाफ्याचं बी फार दिवस टिकत नाही. म्हणून घरी पोचल्या पोचल्या चहासुद्धा न घेता तिने ते मातीत घातलं, असं बाबा सांगतात. माझा जन्म २००४ चा. तेव्हा तो चाफा नात्याने माझा तीन वर्षांनी थोरला भाऊच. बियांपासून केलेल्या चाफ्याला फूल यायला सात-आठ वर्षं सहज लागतात. आमच्याकडे पहिलं फूल आलं तेव्हा मी शाळेत जायला लागले होते. आजीने ते देवाला वाहिलं नाही, माझ्या वेणीत घातलं. देवाला दुसऱ्या दिवशीचं मिळालं.

पुढे घर बिल्डरकडे द्यायचं ठरलं. सहा भावंडांचं घर, भिंतींना ओल, त्यात गैर काही नव्हतं. बाबा म्हणाले, ‘नर्सरीत कलमी चाफा मिळतो, दोन वर्षांत कुंडीतसुद्धा फुलतो. गॅलरीत ठेवू.’ आश्चर्य म्हणजे आजीही म्हणाली, ‘तोडा. उपटून हाल करण्यापेक्षा तोडलेला बरा.’ भांडले ती मी. झाड हलवता येतं, मी वाचलं आहे, असं ठणकावून सांगितलं. वाचलं होतं ते एवढंसंच! मी तेव्हा बारावीला, आपल्याच कनिष्ठ महाविद्यालयात. प्राचार्यांकडे अर्ज घेऊन गेले. त्यांनी ग्रंथालयामागची जागा दिली आणि कॉलेजच्या माळीमामांना सोबत दिलं. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे नगरपालिकेची परवानगी लागते, ती बाबांनी काढली. घरात माझं केवढं कौतुक झालं! मामीने तर फोन करून ‘आमची पर्यावरणवादी’ असं म्हटलं. असो.

माळीमामा पहिल्यांदा आले ते २०२३ च्या जानेवारीत. झाड तीस फुटांच्या आसपास, बुंधा सात-आठ इंच जाडीचा. मला वाटलं होतं, आता खणतील आणि उद्या नेतील. मामा झाडाभोवती दोनदा फिरले, बुंध्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘ताई, आषाढात नेऊ. झाड हलवायचं म्हंजे आदी त्येला कळू द्यायला लागतंय.’

हे कळू देणं कसं असतं ते मी तेव्हा शिकले. झाड पाणी पितं ते जाड मुळांनी नव्हे, त्यांच्या टोकांच्या केसांसारख्या बारीक मुळ्यांनी. आणि त्या असतात बुंध्यापासून लांब. एकदम उपटलं तर जाड मुळं तेवढी बरोबर येतात, पिणारी तोंडं जागेवरच राहतात. म्हणून बुंध्यापासून तीन फुटांवर गोल रेघ मारायची आणि त्या रेघेवर चर खणायचा. पण एका वेळी सगळा नाही. जानेवारीत मामांनी उत्तर आणि दक्षिण या दोनच बाजू खणल्या. पूर्व-पश्चिम फेब्रुवारीच्या अखेरीस. चरात आडवी आलेली मुळं धारदार करवतीने साफ कापली. चाफ्याची मुळं आल्यासारखी मांसल आणि ठिसूळ. कुदळीने ठेचली की सडतात. मग चर मातीने न भरता शेणखत, पाचोळ्याचं खत आणि वाळू यांनी भरला. कापल्या जागी नवी बारीक मुळं फुटतात आणि त्या भुसभुशीत खतात शिरतात. पाच महिन्यांनी झाड उचलायचं ते या नव्या तोंडांसकट.

मुळं कापताना मला पाहवेना. मामा म्हणाले, ‘आता रडू नगा. आता पाणी घाला.’ प्रत्येक बाजूला दोन बादल्या, एक दिवसाआड, पाऊस येईपर्यंत. एकूण आठ बादल्या. हे काम माझं, असं मीच जाहीर केलं.

आमच्या परसाचा नळ पूर्वेला. उत्तर आणि दक्षिण बाजू हाताशी. पश्चिमेची बाजू मात्र न्हाणीघराच्या मागे. तिथे जायला बोळातून, शेवाळावरून, बादली अंगावर सांडत जावं लागे. परीक्षा सुरू झाली तेव्हा मी एकदा त्या दोन बादल्या टाळल्या. मग दुसऱ्यांदा. झाडाला काही झालं नाही; पानं तशीच तकतकीत. परीक्षा मार्चमध्ये संपली आणि सबबही संपली. पण तोपर्यंत सहा बादल्यांची सवय लागली होती. एप्रिल-मेच्या उन्हात मी पश्चिमेला फार तर चार-पाचदा गेले असेन. आजी ओसरीवर बसलेली असायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. परस तिला नुसतं हिरवं-पांढरं दिसे. ती विचारी, ‘घातलंस का गं पाणी?’ ‘घातलं आजी.’ ‘चारी बाजूंनी?’ ‘हो.’

त्या वर्षी पाऊस लांबला, जूनचा शेवटचा आठवडा उजाडला. चाफा सदाहरित, त्याला शिशिराची झोप नाही. म्हणून त्याला हलवायचं ते पावसाळी हवेत, पानांतून पाणी कमी उडतं तेव्हा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मामा दोन गडी घेऊन आले. आधी एक-तृतीयांश फांद्या विरळ केल्या, उरलेल्यांचीही निम्मी पानं काढली. बुंध्यावर उत्तरेच्या बाजूला चुन्याचा एक पट्टा ओढला. नव्या जागीही तो पट्टा उत्तरेलाच आला पाहिजे. नाहीतर सावलीत वाढलेली साल एकदम उन्हात येते आणि भाजते. मग चराच्या बाहेरच्या अंगाने खणायला सुरुवात केली.

पूर्वेचं खत बाजूला केलं आणि मी ओरडलेच. शेवयांसारखी पांढरी, ओलसर मुळं, खताला बिलगलेली! उत्तरेला तशीच, दक्षिणेला तशीच. मामांचा चेहरा उजळला. मग ते पश्चिमेला गेले. तिथे फावडं घातलं तर खत भुगा होऊन कोरडं ठणठणीत खाली पडलं. वरचा पाऊस वीतभरही मुरला नव्हता. कापलेली मुळं काळी पडली होती. पांढरं एकही नव्हतं. मामा तसेच उकिडवे बसून राहिले. मग म्हणाले, ‘हितं पाणी पोचलं न्हाई वाटतं.’ बाबा म्हणाले, ‘उतार असेल.’ मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता गोणपाट भिजवायला घेतलं.

मुळांची ती हुंडी सहा फूट रुंद. ओलं गोणपाट गुंडाळून, काथ्याने आवळून, पट्टे लावून हायड्राने उचलली तेव्हा ती पावणेतीन-तीन टनांची असेल, असं हायड्रावाला म्हणाला. पहाटे पाचला, वाहनं सुरू व्हायच्या आत, झाड ट्रेलरवर आडवं पडून आमच्या पेठेतून निघालं. विजेच्या तारा आल्या की एक गडी बांबूने त्या उचलून धरी. लोक दारं उघडून बघत होते. आजी ओसरीवरच बसून होती. बाहेर आलीच नाही.

खड्डा आधीच तयार होता. झाड पूर्वी जेवढं जमिनीत होतं तेवढंच, इंचभरही खोल नाही. चुन्याचा पट्टा उत्तरेला. तीन बाजूंनी बांबूचे टेकू, बुंध्याला गोणपाट, आळ्यात उसाचं पाचट. ऑगस्टमध्ये पूर्वेच्या फांदीवर तांबूस पालवी आली. पश्चिमेच्या फांद्यांनी होती ती पानं टाकली. ‘ज्या अंगाचं मूळ, त्या अंगाची फांदी,’ मामा म्हणाले. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत त्यांनी त्या वाळलेल्या फांद्या कापल्या. खुंटांना गेरू लावायचं काम मी केलं.

चुन्याचा पट्टा पावसात केव्हाच धुऊन गेला. पण माझ्यापुरती दिशेची खूण कायमची झाली आहे.

२०२५ च्या श्रावणात झाड पहिल्यांदा फुललं, पूर्वेच्या अंगावर. अकरा फुलं होती. आजीचं एव्हाना मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. तिला रिक्षात घालून आणलं. तिने फुलांकडे पाहिलं, मग पलीकडे वळून ते तीन खुंट बराच वेळ पाहिले. माझ्या पोटात गोळा आला. सांगून टाकावं, म्हणून मी तोंड उघडलं.

तीच म्हणाली, ‘सहाच व्हायच्या.’

‘काय?’

‘बादल्या. कडीचा आवाज सहा वेळाच यायचा. मी मोजायची.’

‘मग तेव्हा का नाही बोललीस?’

‘मला वाटलं, उद्या तरी जाशील.’ एवढं बोलून ती आळ्याशी वाकली, पाचट बाजूला सारून माती चिमटीत घेऊन पाहिली, आणि म्हणाली, ‘या अंगाला कोरडी आहे. नळ कुठे आहे इथला?’

नळ प्रयोगशाळेच्या भिंतीपाशी आहे, बराच लांब. मी बादली घेऊन गेले. परत आले तेव्हा आजी खुंटावरचा गेरू नखाने खरवडत होती. खाली साल हिरवी आहे का, ते बघत होती.