पाच सेकंद कमी सहा मिनिटं

आम्ही पाचगणीला जातो ते हवा खायला. फारुख बलसारा हा पारशी मुलगा तिथल्या बोर्डिंगात शिकला आणि पुढं विलायतेत फ्रेडी मर्क्युरी झाला! १९७५ साली त्याच्या 'क्वीन'नं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' मुद्रित केलं. गाणारे गडी तीनच; पण आवाजावर आवाज असे चढवले, की टेप झिजून आरपार दिसायला लागली म्हणे. गाणं भरलं ५ मिनिटं ५५ सेकंद. एवढं लांबडं रेडिओवर लावणार कोण, हा कंपनीचा सवाल. (आमच्याकडे तेवढ्यात तंबोरासुद्धा लागत नाही!) पण हा पठ्ठ्या एक सेकंद कापू देईना. केनी एव्हरेट या रेडिओवाल्या दोस्तानं शनिवार-रविवारात ते १४ वेळा वाजवलं. तबकडी ९ आठवडे ब्रिटनमध्ये पहिली. माझे लेख संपादक निम्मे करतात, मी मान डोलावतो. १९९१ साली फ्रेडी गेला, गाणं पुन्हा पहिलं आलं. तेव्हाही तेवढंच लांब होतं.